खाडा

मी शेलूबाजारचा म्हटलं की अकोल्याची मंडळी विचारतात, "म्हणजे चौफुलीवरच का?" हो, चौफुलीपासून चार पावलांवर. मला कवी म्हणून इथं बोलावलं आहे, पण आज कवितेवर बोलणार नाही. रजेच्या अर्जावर बोलणार आहे. माझ्या कविता अनेकदा साभार परत आल्या. एक रजेचा अर्ज मात्र पहिल्याच खेपेला मंजूर झाला होता, आणि त्यातला शब्दन् शब्द खोटा होता.

२००३ सालचा जानेवारी. मुलगी चार वर्षांची होती. आधी सर्दी, मग ताप, आणि तिसऱ्या रात्री तिच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जाऊ लागल्या. पहाटेच्या एस.टी.नं अकोला गाठलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि म्हणाले, न्यूमोनिया आहे, दाखल करा. मी तेव्हा एका खासगी संस्थेत लेखनिक होतो. दुपारी बाहेरच्या पीसीओवरून साहेबांना फोन केला. साहेब वाईट नव्हते. त्यांनी एकच विचारलं, "तिची आई आहे ना जवळ?"

आहे म्हटलं. "मग तुम्ही काय करता तिथं?"

याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. बायकोसुद्धा म्हणाली, "तुम जाव, मैं हूँ ना." आमच्या घरात उर्दू आणि वऱ्हाडी एकाच ताटात जेवतात. लेकीनं मात्र सलाईन लावलेला हात तसाच ठेवून दुसऱ्या हातानं माझं बोट धरलं. "अब्बा, जाव नको." बोट सोडवून निघणं मला जमलं नाही. मी सहा दिवस राहिलो. औषधं आणली, रात्री पाळीनं जागलो, वाफेचं यंत्र तोंडाशी धरलं की ती घाबरायची म्हणून तिला उंटाच्या गोष्टी सांगितल्या. आईला दोन तास झोप मिळाली ती एवढ्यामुळेच. साहेबांना द्यायचं उत्तर हेच होतं, पण ते अर्जात बसत नव्हतं. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'स्वतःची प्रकृती अस्वास्थ्य'.

पुढं फजिती झाली. दाखला मागितला गेला. गावातल्या डॉक्टरांनी पेन उघडून विचारलं, "कुणाच्या नावानं?" मी खाली पाहिलं; ते समजले. नंतर पंधरा दिवस कार्यालयात कुणी "आता बरं आहे ना?" म्हटलं की मला उगाच खोकावं लागे.

सगळ्यांच्याच वाट्याला अशी फजिती येत नाही. केंद्र सरकारनं २००८ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपन रजा दिली, संपूर्ण सेवेत ७३० दिवस. महाराष्ट्र शासनानं २३ जुलै २०१८ च्या निर्णयानं १८० दिवस दिले. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत ती घेता येते. फार चांगलं झालं. पुरुषालाही ती राज्यात मिळू शकते, पण त्याची पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजारानं अंथरुणाला खिळलेली असेल तर. म्हणजे साहेबांचा तो प्रश्नच तिथं नियम होऊन बसला आहे. आई धडधाकट असेल तर बापाचं काय काम? हे बापावर जेवढं अन्यायाचं आहे, त्याहून जास्त आईवर आहे. कारण रात्रपाळी कायमची तिच्याच नावावर लागते.

स्वीडनमध्ये १९७४ पासून आजारी मुलाजवळ थांबणाऱ्या आईला किंवा बापाला सरकारी विम्यातून बुडालेल्या पगाराचा मोठा हिस्सा मिळतो. एका मुलामागं वर्षाला १२० दिवसांपर्यंत. गंमत म्हणजे तिथल्या लोकांनी या रजेचं एक क्रियापदच करून टाकलं आहे, 'वाबा'. फेब्रुवारीत सगळी पोरं एकदम आजारी पडतात म्हणून त्या महिन्याला चेष्टेनं 'वाबरुआरी' म्हणतात. शब्द घडवणाऱ्या माणसाला याचा हेवा वाटणारच.

आपल्याकडचा शब्द आहे 'खाडा'. मजुराला रजा नसते, त्याचा खाडा पडतो. लेकरू तापलं काय, नवरा दारू पिऊन पडला काय, चोपडीत एकच फुली. सरकारी कागदात मात्र मला एक शब्द सापडला, 'बुडीत मजुरी'. तीव्र कुपोषित बालकाला पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल केलं की सोबत राहणाऱ्या आईला ती देण्याची तरतूद आहे. लेकराजवळ बसलं की मजुरी बुडते आणि ती कुणीतरी भरून द्यायला हवी, हे सरकारनं इथं लिहून मान्य केलं. कुपोषण नसेल तर न्यूमोनियाच्या, काविळीच्या पोराची आई मात्र या केंद्राच्या तरतुदीत बसत नाही.

आमच्या शेजारी एक बाई राहायची. त्याच वर्षी सोयाबीनच्या सोंगणीत तिचा धाकटा तापला. सकाळी ती विळा घेऊन निघाली तेव्हा मी, नुकताच सहा दिवसांची पगारी रजा खोटं बोलून पचवलेला माणूस, तिला म्हणालो, "वहिनी, आज राहू द्या." ती थांबली. "लेकराजोळ बसू, का डाक्टरच्या पैशासाठी वावरात जाऊ? तुमीच सांगा भाऊ." मग पोराला कडेवर घेऊन गेली.

दुपारी मी डबा द्यायच्या निमित्तानं त्या वावराकडं गेलो. धुऱ्यावरच्या बाभळीखाली गोधडीवर पोरगं झोपलं होतं. बाया पाती धरून ओळीनं सोंगत होत्या. काम एकराच्या हुंड्यानं घेतलेलं; जो मागं पडेल तो सगळ्यांना मागं ओढणार. ही दर थोड्या वेळानं विळा ठेवायची, धुऱ्यावर यायची, पोराच्या कपाळावर हात ठेवायची, ओला फडका बदलायची, पाणी पाजायची. परत जाईतो तिची पात मागं राहायला हवी होती, पण ती राहत नव्हती. डावीकडची बाई तिच्या पातीतले चार हात सोंगून द्यायची, मग उजवीकडची चार. कुणी कुणाशी काही बोलत नव्हतं. संध्याकाळी हुंड्याचे पैसे वाटले तेव्हा तिच्या हातावर सगळ्यांच्या बरोबरीचे पडले, आणि ती तशीच, पायाची माती न धुता, पोराला घेऊन दवाखान्यात गेली.