रस्सा हवा, रांधणारा नको

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

ब्रिटनमधील कोणत्याही मध्यम वस्तीच्या गावात बाजारपेठेच्या रस्त्यावर एक तरी ‘इंडियन’ उपाहारगृह आढळतेच. दारावर ताजमहालाचे किंवा बंगालच्या वाघाचे चित्र असते. पदार्थांच्या यादीत कोर्मा असतो, मद्रास असते आणि मुळात गोव्याच्या मातीतले विंदालूही असते. परंतु आत राबणारा माणूस बहुधा भारतीय नसतो. मालक, वाढपी, तंदूरवाला आणि भांडी घासणारा असे सारेच बहुतेक ठिकाणी बांगलादेशी, आणि त्यातही सिल्हेट या एकाच भागातले असतात. गिऱ्हाईक निघून गेल्यावर ही मंडळी आपल्यासाठी जो माशाचा रस्सा शिजवतात, तो त्या यादीत कोठेही नसतो.

२००१ साली ब्रिटनचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाला हा खराखुरा ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ असल्याचे जाहीरपणे सांगितले. त्याच देशाच्या सरकारने २२ जुलै २०२५ पासून कुशल कामगाराच्या व्हिसासाठी पदवीच्या तोडीच्या कामाची अट घातली आणि परदेशातून नव्याने येऊ पाहणाऱ्या आचाऱ्याला या वाटेने येण्याची सोय उरली नाही. रश्शाला नागरिकत्व मिळाले, पण तो रांधणारा मात्र परका ठरला! ही विसंगती केवळ एका व्यवसायाच्या अडचणीची गोष्ट नाही. श्रमिकाकडे राज्यसंस्था कोणत्या नजरेने पाहते आणि मालकवर्ग त्या नजरेचा लाभ कसा उठवतो, याचा हा बोलका नमुना आहे. म्हणून त्याचा विचार मुळापासून केला पाहिजे.

या कहाणीचा आरंभ बोटींच्या इंजिनखोलीत होतो. साम्राज्याच्या काळात ब्रिटिश आगबोटींवर हिंदी खलाशी मोठ्या संख्येने असत. मुंबई बंदरातून सुटणाऱ्या बोटींच्या डेकवर रत्नागिरीकडची कोकणी माणसे असत, तर भोजनकक्षात गोव्याची. कलकत्त्याहून सुटणाऱ्या बोटींच्या भट्ट्यांपुढे कोळसा ओढायला सिल्हेटचे शेतकरी असत. गोऱ्या खलाशाला मिळणाऱ्या पगाराचा एक लहानसा हिस्साच त्यांच्या हाती पडे. ती धग आणि ते सारंगाचे जाच असह्य झाले की काही जण लंडनच्या गोदीत बोट सोडून पळून जात व हॉटेलांच्या भटारखान्यांत भांडी घासण्यापासून सुरुवात करीत. अयूब अली मास्टर हे असेच एक सिल्हेटी गृहस्थ. पूर्व लंडनमधील त्यांचे घर आणि त्यांचे कॉफीगृह हे अशा निराधार खलाशांचे आश्रयस्थान बनले. त्यांनी व शाह अब्दुल मजीद कुरेशी यांनी १९४३ साली हिंदी खलाशांच्या कल्याणासाठी संघटनाही उभी केली. आजच्या ‘करी हाउस’चा पाया भांडवलाने घातलेला नाही, तो अशा फरारी कामगारांच्या परस्पर साहाय्याने घातला आहे.

येथे कायदा पहिल्यापासूनच हजर होता. १९२५ साली निघालेल्या एका हुकुमाने, ब्रिटिश प्रजा असल्याचा पुरावा दाखवू न शकणाऱ्या काळ्या वर्णाच्या खलाशांना पोलिसांकडे नोंद करणे भाग पाडले. साम्राज्याचा कोळसा ओढताना पुरावा कोणी मागितला नव्हता. किनाऱ्यावर पाय ठेवताच तो मागितला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर मजुरांची निकड होती, म्हणून १९४८ च्या कायद्याने राष्ट्रकुलातील माणसांना मोकळी वाट ठेवली. ती निकड ओसरू लागताच १९६२ च्या कायद्याने परवान्याची पद्धत आणली आणि १९७१ च्या कायद्याने उरलीसुरली वाटही अरुंद केली. गंमत अशी की, दार बंद होणार या धास्तीने जे पुरुष काही वर्षे कमावून परत जायचे होते, ते तेथेच राहिले आणि पुढे त्यांनी बायकामुलांनाही नेले. निर्बंधाने स्थलांतर थांबले नाही, त्याचे रूप मात्र बदलले.

सत्तरच्या दशकात कापडगिरण्या आणि ओतकामाचे कारखाने बंद पडू लागले. तेथून बाहेर फेकले गेलेले अनेक सिल्हेटी कामगार उपाहारगृहांकडे वळले. ब्रिटिश समाजाने त्यांचे स्वागत कसे केले? ४ मे १९७८ रोजी अल्ताब अली या तरुण शिवणकामगाराचा पूर्व लंडनमध्ये वर्णद्वेषातून खून झाला आणि हजारो बांगलादेशी त्याची शवपेटी घेऊन रस्त्यावर उतरले. त्या काळात रात्री उशिरा दारूच्या धुंदीत येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या शिव्या खाणे हा वाढप्याच्या नोकरीचा अलिखित भाग होता. या अपमानातून आणि अठरापगड कष्टांतून हा व्यवसाय वाढला. व्यवसायातील संघटना उपाहारगृहांची संख्या सुमारे १२,००० आणि त्यांतील कामगारांची संख्या एक लाखाच्या घरात सांगत आल्या आहेत.

आता या व्यवसायाला माणसे मिळत नाहीत. का मिळत नाहीत, याचे सरकारचे उत्तर एक आहे, मालकांचे दुसरे, आणि वस्तुस्थिती तिसरीच आहे.

सरकारचे धोरण प्रथम पाहू. २००३ साली आतिथ्य व्यवसायासाठी अल्पमुदतीच्या परवान्यांची एक योजना निघाली. मुदत बारा महिन्यांची, कुटुंब आणण्यास मनाई. म्हणजे हात हवेत, माणूस नको! २००४ साली पूर्व युरोपातील देश युरोपीय संघात सामील झाले. तेथील मजूर आता आले आहेत, तेव्हा बांगलादेशींची गरज नाही, असा हिशेब करून २००५ साली या व्यवसायापुरती ती योजनाही गुंडाळली गेली. २००८ साली गुणांकन पद्धत आली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये लंडनच्या ट्राफल्गार चौकात हजारो आचारी व मालक निदर्शनासाठी जमले. २०११ नंतर नियम असा झाला की आचाऱ्याला राहण्या-जेवण्याची वजावट करून वर्षाला २८,२६० पौंड मिळाले पाहिजेत. पुढे ही रक्कम २९,५७० पौंडांवर गेली. शिवाय ज्या उपाहारगृहातून पदार्थ बांधून नेण्यासाठी विकले जातात, त्याला परदेशी आचारी आणता येणार नाही, अशीही अट होती. तोच मसाला, तोच तंदूर, तोच हात; पण गिऱ्हाईक पुडके घरी घेऊन गेले की आचाऱ्याचे कौशल्य नाहीसे होते, असा हा शोध होता! श्रीमंतांच्या हॉटेलला सवलत आणि गल्लीतल्या उपाहारगृहाला बंदी, हा या अटीचा वर्गीय अर्थ होता.

त्याच २०११ साली एरिक पिकल्स या मंत्र्यांनी स्थानिक तरुणांना हे काम शिकवणाऱ्या ‘करी कॉलेज’ची घोषणा केली. तुटवडा त्याने भरून निघाला नाही. १९६० पासून कार्यरत असलेली बांगलादेशी व्यावसायिकांची संघटना सतत गाऱ्हाणे मांडत राहिली. २०१३ साली पंतप्रधान कॅमेरन यांनी या व्यवसायाच्या मेजवानीत आचारी मिळवून देण्याचे आश्वासन दिले. मेजवानी संपली, आश्वासनही संपले.

फसवणुकीचा कळस २०१६ साली झाला. युरोपीय संघातून बाहेर पडा, म्हणजे युरोपीय मजुरांऐवजी राष्ट्रकुलातील आचाऱ्यांना जागा होईल, असे सांगत प्रीती पटेल यांनी करी हाउस वाचवण्याची मोहीम चालवली. अनेक मालकांनी या बोलण्यावर भरवसा ठेवून बाहेर पडण्याला पाठिंबा दिला. म्हणजे एका परक्या मजुराला हाकलून दुसऱ्याला आणण्याच्या आशेने परकेपणाच्या राजकारणाला हातभार लावला गेला. पुढे काय झाले? २०२१ साली आचाऱ्यांसाठी वाट काहीशी मोकळी झाली खरी. पण एप्रिल २०२४ मध्ये किमान पगाराची सर्वसाधारण अट एकदम २६,२०० वरून ३८,७०० पौंडांवर नेण्यात आली, २०२५ साली ती ४१,७०० झाली आणि आचाऱ्याचे कामच यादीतून बाहेर गेले. कष्टकऱ्यांत फूट पाडणाऱ्या राजकारणाच्या खांद्यावर बसून कोणत्याही अल्पसंख्य समाजाला आपला रस्ता काढता येत नाही, हा यातला धडा आहे.

परंतु सरकारवर टीका करून मालकांचे म्हणणे जसेच्या तसे उचलून धरणे हे समाजवाद्याचे काम नव्हे. दुसरी बाजूही तितक्याच कठोरपणे तपासली पाहिजे. सिल्हेटी आई-बापांची मुले आज लंडनमध्ये लाखोंच्या संख्येने वाढली आहेत. ती या भटारखान्यात का जात नाहीत? दुपारची पाळी, मध्ये काही तासांची रिकामी पोकळी, पुन्हा संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत उभे राहणे, शनिवार-रविवारी सर्वांत जास्त काम, दुकानाच्याच माडीवर दाटीवाटीने राहणे, आणि पगाराचा काही भाग कागदावर तर काही भाग हातात! या मुलांच्या वडिलांनी तीस वर्षे हे भोगले आणि मुलांना मात्र शाळेत धाडले. इंग्लंडमध्ये बांगलादेशी मुलांचे शालेय यश आता देशाच्या सरासरीच्या पुढे गेले आहे. मुले शिकून या कामापासून दूर गेली, हा त्या बापांचा पराभव नव्हे. ज्यासाठी ते राबले, तेच त्यांना मिळाले. तेव्हा ‘नवी पिढी आळशी झाली’ ही तक्रार करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आणखी एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. सिल्हेटी घरांत स्वयंपाक कोण करते? स्त्रिया. मग उपाहारगृहाच्या भटारखान्यात त्या का नाहीत? ब्रिटनमध्ये पगारी कामात बांगलादेशी स्त्रियांचे प्रमाण दीर्घकाळ फार कमी राहिले आहे. ज्या समाजात रांधण्याचे ज्ञान स्त्रीजवळ आहे, तेथे रांधण्याचा धंदा मात्र पुरुषांचा राहिला. कामाच्या अवेळा, मद्य पुरवणारे वातावरण, मुलांच्या सांभाळाची गैरसोय आणि घरातील पुरुषी धाक ही त्याची कारणे आहेत. तुटवडा जितका माणसांचा आहे, तितकाच तो माणसाला राहावेसे वाटेल अशा कामाचा आहे.

मालकांना हे कळत नाही असे नाही. पण त्यांचीही कोंडी आहे. गिऱ्हाइकाला हा रस्सा स्वस्तच हवा असतो. महामारीत दुकाने बंद राहिली. नंतर इंधन, तेल, तांदूळ महागले. विक्रीकराचा बोजा आहेच. यादीतील किंमत पौंडभर वाढवली तरी गिऱ्हाईक कुरकुरते. या साऱ्या स्वस्ताईची किंमत शेवटी कोण चुकवते? भटारखान्यातील सर्वांत दुबळा माणूस.

आणि येथेच इमिग्रेशनच्या नियमांचे खरे स्वरूप उघडे पडते. परवाना मिळाला तरी तो कामगाराच्या नावाने मोकळा नसतो, तो एका मालकाशी बांधलेला असतो. नोकरी गेली तर साधारण साठ दिवसांत दुसरा मालक शोधावा लागतो, नाही तर देश सोडावा लागतो. ज्याच्या मानेवर ही टांगती तलवार आहे, तो जास्तीच्या तासांचा पगार मागेल काय? शिवाय अशा नोकरीसाठी प्रसंगी घरची जमीन विकून दलालाचे खिसे भरलेले असतात. ज्याच्याजवळ कागदच नाही, त्याची स्थिती याहून भयंकर. २०१६ च्या कायद्याने कागदाविना काम करणे हाच गुन्हा ठरवला आणि त्याची मजुरी गुन्ह्याची कमाई म्हणून जप्त करण्याची सोय करून ठेवली. घाम गाळून मिळवलेले वेतन चोरीचा माल ठरवणारा हा कायदा आहे! मालकाला होणारा दंड २०२४ पासून दर कामगारामागे पहिल्या वेळी ४५,००० पौंडांपर्यंत नेला आहे. दंडाचा हा धाक मालकाला आहे, पण त्याचे ओझे कामगाराने निमूटपणे उचललेल्या कमी पगारातून वसूल होते.

संघटित कामगार चळवळ या भटारखान्यांपर्यंत फारशी पोहोचली नाही, हेही कबूल केले पाहिजे. १९७६ ते १९७८ या काळात लंडनमधील ग्रनविक कारखान्यात जयाबेन देसाई यांच्या नेतृत्वाखाली आशियाई स्त्रियांनी लढा दिला, तेव्हा हजारो गोरे कामगार त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पण कारखान्यात शेकडो कामगार एका छपराखाली असतात. उपाहारगृहात सहा-आठ जण असतात; त्यांतला एक मालकाचा पुतण्या, दुसरा त्याच्या गावचा, तिसरा त्याचा ऋणको. नात्याचा आधार हाच तेथे शोषणाचा दोर होतो. ‘चाचा’ म्हणून हाक मारायची, त्याच्याकडे पगाराची पावती कशी मागायची?

म्हणून या प्रश्नावर समाजवादी भूमिका दुहेरी असली पाहिजे. परक्यांना रोखले की स्थानिकांना चांगली नोकरी मिळते, हा दावा २००५ पासूनच्या अनुभवाने खोटा ठरला आहे. निर्बंध वाढले, पण पाळ्या, वेतन, राहण्याची जागा यांत आपोआप सुधारणा झाली नाही. तसेच, मालकाच्या मर्जीवर बांधलेले मजूर हवे तितके आणू द्या, ही मागणीही स्वीकारता येत नाही. जो कामगार येईल तो मालक बदलण्याच्या मोकळिकीसह, कुटुंबासह, संघटना करण्याच्या हक्कासह आणि स्थायिक होण्याच्या खात्रीसह आला पाहिजे. कागद नसलेल्यालाही त्याने केलेल्या कामाचे पूर्ण वेतन मिळाले पाहिजे. आणि कौशल्याची व्याख्या पदवीच्या व पगाराच्या आकड्यावर ठरवण्याची पद्धत नाकारली पाहिजे. कमी पगार देऊन ठेवायचा आणि पगार कमी म्हणून काम अकुशल म्हणायचे, हे तर्कदुष्ट चक्र आहे. तापल्या तंदूरच्या तोंडाशी हात घालून नान भिंतीला चिकटवणाऱ्याला अकुशल म्हणणाऱ्याने एक रात्र तेथे उभे राहून पाहावे.

मित्रहो, इंजिनखोलीतील भट्टीपासून उपाहारगृहातील भट्टीपर्यंत हा सिल्हेटी कामगार शंभर वर्षे धगीपुढेच उभा आहे. सरकारे आली आणि गेली. प्रत्येकाने त्याचा घाम चाखला आणि त्याचा कागद तपासला. त्याचा कागद नव्हे, त्याचा हक्क तपासणारी राजनीती उभी राहिली, तरच त्या ताटातील अन्न खऱ्या अर्थाने त्या देशाचे म्हणता येईल.