‘ध’चा ‘मा’ : एका आरोपाची छाननी



दिनांक ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, पुण्याच्या शनिवारवाड्यात अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे गारद्यांच्या हातून मारले गेले. सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद युसूफ हे गारद्यांचे म्होरके आणि रघुनाथरावांचा सेवक तुळाजी पवार यांच्याविषयी इतिहासकारांत एकमत आहे. ते समकालीन कागदपत्रांवर उभे आहे, म्हणून त्याला वजन आहे.

परंतु या खुनाचा विषय निघाला की आपल्याला प्रथम आठवतात त्या आनंदीबाई. ‘धरावे’चे त्यांनी ‘मारावे’ केले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ १९०९ साली रंगभूमीवर आले आणि उत्सवाच्या मंडपांतून बाईंची ती प्रतिमा अधिकच पक्की झाली.

आता पुरावा पाहू. चिठ्ठीची हकीकत ग्रँट डफ यांच्या १८२६ च्या इतिहासात येते, म्हणजे घटनेनंतर त्रेपन्न वर्षांनी. अक्षर बाईंनी बदलले असे सांगताना तेही सार्वत्रिक समजुतीचाच हवाला देतात. मूळ चिठ्ठी आज अभ्यासकापुढे नाही. शिवाय नुसता ‘ध’ बदलून भागत नाही, पुढे कानाही घालावा लागतो. आणि पेशवाईतला व्यवहार मोडीत चाले, तेव्हा ही खाडाखोड देवनागरी डोळ्यांनी तपासणे व्यर्थ होय.

पण इतक्या ग्रंथांतून हेच लिहिले आहे ना, असे कोणी म्हणेल. देवस्थानच्या मानपानाचा वाद उभा राहिला म्हणजे आपण मूळ सनद मागतो. दहा नकला पुढे आल्या आणि त्या साऱ्या एकाच नकलेवरून उतरलेल्या निघाल्या, तर त्यांना आपण दहा पुरावे म्हणत नाही. ग्रंथकारांचे एकमतही असेच पारखावे लागते. (बखरकार तर रंग भरण्यात कुणाला हार जाणारे नव्हेत!)

बाईंना कटाची वार्ता नव्हती, असे माझे म्हणणे नाही. चिठ्ठीचा आरोप मात्र उपलब्ध पुराव्याने सिद्ध होत नाही, आणि अडीचशे वर्षे एका स्त्रीचे नाव त्यावरच काळे झाले आहे.

यामुळे रघुनाथराव सुटत नाहीत. नुसते धरण्याचाच हुकूम होता असे मानले, तरी पुतण्याला शस्त्रधारी गारद्यांच्या स्वाधीन करण्याची जबाबदारी त्यांचीच ठरते. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशीअंती दोष ठेवला तो रघुनाथरावांवर.