जबड्याचा सांधा आणि हलते क्ष-किरण चित्र



कानाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा. बोटाखाली जे हलते, तो जबड्याचा सांधा. खालचा जबडा दोन हाडांचा असतो, असे ग्रीक वैद्य गॅलेन याने लिहिले व शतकानुशतके ते मानले गेले. इजिप्तमध्ये १२०० च्या सुमारास भीषण दुष्काळ पडला. तेव्हा बगदादचे विद्वान अब्दुल लतीफ यांनी तेथील असंख्य मानवी सांगाडे तपासले आणि सांगितले की, हे हाड एकच आहे. ग्रंथापेक्षा डोळ्यांची साक्ष त्यांनी मोठी मानली.

पण मृताचे हाड हलत नाही. राँटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले आणि जिवंत हाड दिसू लागले. ग्लासगोचे डॉ. मॅकिंटायर यांनी १८९७ मध्ये बेडकाच्या पायाचे हलते क्ष-किरण चित्र दाखविले. पुढे १९५० नंतर प्रतिमा उजळ करणारे यंत्र आले व जबड्याची हालचाल चित्रफितीवर घेणे सोपे झाले.

त्यात काय दिसते? तोंड उघडताना हाडाचे डोके आधी बिजागरीसारखे फिरते, मग पुढे घसरते. साध्या फोटोत आरंभ व शेवट दिसतो. मधली वाट दिसत नाही. एक बाजू कोठे अडते, हनुवटी केव्हा कलते, हे हलत्या चित्रातच कळते. मात्र सांध्यातील मऊ चकती क्ष-किरणांत दिसत नाही आणि किरणांचा मारा वाढतो. म्हणून आज चकतीसाठी एम.आर.आय. वापरतात.

पालकहो, याचा आपल्या घराशी संबंध आहे. मूल हनुवटीवर पडते, जखमेला टाके पडतात आणि गोष्ट विसरली जाते. परंतु त्याच धक्क्याने कानापुढील हाड मोडलेले असू शकते. दुर्लक्ष झाले तर सांधा जखडतो, तोंड उघडत नाही, जबड्याची वाढ खुंटते. म्हणून असे मूल पडल्यावर पाहा : त्याची स्वतःची तीन बोटे उभी तोंडात मावतात का? हनुवटी एका बाजूला जाते का? कानापुढे दुखते का? शंका आल्यास ताबडतोब डॉक्टरांकडे न्या.

विद्यार्थी मित्रहो, ऐकलेले पारखून पाहणे हेच विज्ञान. अब्दुल लतीफ यांचा हा वारसा आपलाही आहे. तो चालवा, एवढीच दुआ करून आपली रजा घेतो.

खुदा हाफिज.