लिंबू : चहात, कालवणात आणि बरणीत
(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



आज कापूस, सोयाबीन, ऊस यांपैकी कशावरच बोलायचं नाही. आज बोलायचं आहे लिंबावर. आणि तेही झाडावरच्या लिंबापेक्षा चुलीजवळच्या लिंबावर जास्त. "साहेब, हा काय शेतीचा विषय झाला का?" असं कोणी म्हणेल. म्हणू द्या. जो माल आपल्याच विहिरीवर पिकतो आणि आपल्याच अंगणात सडतो, तो शेतीचाच विषय आहे.

2022 सालचा एप्रिल महिना आठवून पाहा. शहरात एकेक लिंबू दहा-दहा रुपयांना विकलं गेलं. आणि त्याच झाडाची फळं पावसाळ्यात गोणी भरून बाजारात न्यावीत, तर पुष्कळदा गाडीभाडंही सुटत नाही. असं का होतं? कागदी लिंबाला वर्षात तीन बहार येतात. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबे बहार, जून-जुलैत मृग बहार आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त बहार. सर्वांत जास्त फळ धरतं आंबे बहाराला, आणि ते काढणीला येतं पावसाच्या तोंडावर व भर पावसाळ्यात, म्हणजे लिंबाला कोणी विचारत नाही तेव्हा. उन्हाळ्यात हाती येणारी फळं असतात हस्त बहाराची, आणि ती मुळातच थोडी. हस्त बहार वाढवण्यासाठी जूनमध्ये जिब्रेलिक आम्ल 50 पीपीएम, सप्टेंबरात सायकोसील 1000 पीपीएम आणि ऑक्टोबरात पोटॅशियम नायट्रेट 1 टक्का अशा फवारण्यांची शिफारस आहे. पण माझं स्पष्ट मत असं, की मे महिन्यात विहिरीला पाणी राहण्याची खात्री असेल त्यानंच या वाटेला जावं. आपल्या दिंद्रुडच्या बाजूला ती खात्री किती जणांना आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको.

तेव्हा पावसाळ्यातलं स्वस्त लिंबू घरातच कसं कामी आणायचं, ते पाहू. चहापासून सुरुवात करतो, कारण चहा प्यायल्याशिवाय आपल्याकडे कोणी उठू देत नाही.

या शिवारातल्याच एका वस्तीवर गेलो होतो. दुधाचं भांडं रिकामं होतं, म्हणून म्हातारी आजीबाई संकोचली. मी म्हणालो, "आजी, कोराच करा आणि त्यात लिंबू पिळा." आजी म्हणाली, "लेकरा, लिंबानं चहा फाटतो की!" आजीचं खरं होतं आणि नव्हतंही. फाटतं ते दूध. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन आंबट लागलं की साकळतं. पनीर करताना आपण हेच तर करतो. कोऱ्या चहात दूधच नाही, तर फाटणार काय? लिंबू पडलं की चहाचा काळपट रंग एकदम उजळून तांबूस-सोनेरी होतो, एवढंच. चहाच्या रंगद्रव्यांवर आम्लाचा तो परिणाम आहे. चहा बिघडला असं समजून फेकू नका.

करण्याची रीत अशी. चार कप पाणी आणि ठेचलेलं आलं उकळावं. गूळ किंवा साखर त्यातच घालावी. मग एक लहान चमचा चहापूड टाकून एक उकळी आली की उतरवावं आणि दोन मिनिटं झाकून ठेवावं. पूड फार उकळू नये. दुधाच्या चहात तिचा तुरटपणा झाकला जातो, कोऱ्यात तो जिभेला लागतो. गाळून कपात ओतल्यावर मग पाव लिंबू पिळावं. बी पडू देऊ नये आणि साल दाबदाबून पिळू नये, नाही तर कडवटपणा उतरतो. दसरा-दिवाळीनंतर आपली कितीतरी माणसं ऊसतोडीला जातात. तिथं फडावर पहाटे दूध कुठलं? बरोबर चार लिंबं असली तर कोरा चहाही चवीचा होतो.

एक गल्लत मात्र करू नका. गवती चहाला लिंबाचा वास येतो म्हणून तो लिंबाची जागा घेतो असं काहींना वाटतं. वास सारखा आहे, कारण सिट्रल नावाचं एक सुगंधी द्रव्य दोन्हींत असतं. पण गवती चहात लिंबाचा आंबटपणा नाही. म्हणून तर तो दुधाच्या चहात चालतो.

आता चहाबद्दल एक कडू गोष्ट, आणि ती विशेषतः भगिनींनी ऐकावी. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. चक्कर येते, दम लागतो, खुरपताना मधेच बसावं लागतं, आणि घरचे म्हणतात, कामाचा कंटाळा आहे. कंटाळा नाही, रक्त नाही. बाजरी, तांदुळजा, मेथी, मटकी, हुलगे यांत लोह असतं. पण धान्या-भाजीतलं लोह शरीराला सहजासहजी घेता येत नाही. जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या चहा घेतला तर चहातली तुरट द्रव्यं त्या लोहाला धरून ठेवतात आणि ते आणखीच कमी मिळतं. उलट त्याच घासाबरोबर लिंबू असलं तर त्यातलं क जीवनसत्त्व आणि आम्ल, दोन्ही मिळून लोह शोषायला मदत करतात. म्हणून जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा आणि चहाऐवजी ताटात लिंबाची फोड ठेवा. घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटातही ती फोड असू द्या. एका फोडीनं पंडुरोग बरा होत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घ्यायच्याच, फक्त त्या चहाबरोबर गिळायच्या नाहीत.

लिंबात क जीवनसत्त्व आहे, पण आवळा आणि पेरू यांत त्याहून पुष्कळ जास्त आहे, हेही सांगून ठेवतो. लिंबाचा मोठेपणा एवढाच, की ते वर्षभर मिळतं आणि कशावरही पिळता येतं.

हे जीवनसत्त्व उष्णतेनं नासतं. 1747 साली जेम्स लिंड नावाच्या ब्रिटिश आरमारातल्या डॉक्टरानं हिरड्यांतून रक्त येणाऱ्या बारा खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. संत्री आणि लिंबं मिळालेले दोघे सर्वांत लवकर सुधारले. पुढे रस टिकावा म्हणून त्यानंच तो तापवून आटवण्याची कृती सांगितली, आणि त्या आटवण्यात रसाचा बराच गुण गेला. आपल्या घरीही वरण चुलीवर रटरटत असताना लिंबू पिळलं तर तेच होतं. भांडं उतरवा, वाफ थोडी बसू द्या, मग पिळा. त्याहून बरं म्हणजे ताटात पिळा.

स्वयंपाकात लिंबू घालण्याची वेळ आणखी दोन कारणांनी महत्त्वाची आहे. मटकी, हुलगे, हरभरा, तूर ही कडधान्यं शिजण्याआधी आंबट पडलं तर दाणा मऊ होत नाही. दोन तास जळण जातं आणि दाणा टणकच राहतो. दोष डाळीला देतात, दोष आंबटाचा. चिंचेचंही तसंच. दुसरं, हिरव्या पालेभाजीत शिजताना लिंबू पडलं की हिरवा रंग जाऊन ती मळकट दिसते. पोह्यांवर, उसळीवर, पिठल्यावर, मिरचीच्या ठेच्यात, कांद्याच्या कोशिंबिरीत लिंबू वरून, आणि शेवटी. मीठही मग थोडं कमी लागतं. ज्यांना रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलं आहे, त्यांना याचा उपयोग होईल. फळ टणक असेल तर पाटावर तळहातानं दाबून फिरवावं, रस चांगला सुटतो.

भांड्याविषयी ऐकाच. कल्हई उडालेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात लिंबाचं काहीही ठेवू नये. आम्लानं तांबं विरघळतं आणि पोटात जाऊन मळमळ-उलट्या होतात. अॅल्युमिनियमच्या भगुण्यातही सरबत किंवा लोणचं मुरवू नये. काच, चिनी माती किंवा स्टील वापरावं.

आता साठवणीकडे. लोणच्याला पिवळसर, पातळ सालीची, डाग नसलेली फळं घ्यावीत. पावसाळ्यात साल पूर्ण कोरडी होईपर्यंत पुसावं, कारण ओल राहिली की बुरशी आलीच. एक किलो लिंबांना 200 ते 250 ग्रॅम मीठ, चार-चार फोडी, आणि बरणी तीन-चार आठवडे रोज हलवायची. साल मऊ झाली की तिखट किंवा गूळ आवडीप्रमाणे. मिठात काटकसर केली तर लोणचं टिकत नाही. मीठ चवीपुरतं नाही, रक्षणासाठी आहे.

सरबताचा पाक असा : एक लिटर गाळलेला रस, एक किलो आठशे ग्रॅम साखर आणि एक लिटरहून थोडं जास्त पाणी. साखर-पाणी उकळून, गाळून पूर्ण थंड करावं आणि मग रस मिसळावा. टिकण्यासाठी एवढ्या मालाला अडीच ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाईट थोड्या रसात विरघळवून घालावं. हे अंदाजानं टाकू नका, तोलून घ्या. दम्याच्या माणसाला हे सरबत देऊ नये. त्याच्यासाठी ताजंच करावं. एक भाग पाक, तीन भाग पाणी, चिमूटभर मीठ, असं मे महिन्यात पाळी घालणाऱ्या माणसाला बांधावर नेऊन द्या. मात्र लहान मुलाला जुलाब झाले असतील तर हे सरबत औषध म्हणून चालणार नाही. तिथं दवाखान्यातली क्षारसंजीवनीची पुडीच हवी. ती मिळेपर्यंत एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

अख्खी फळं काही दिवस टिकवायची असतील तर विटांच्या दोन भिंती तीन इंचांचं अंतर ठेवून रचाव्यात, मधे वाळू भरावी, आणि सकाळ-संध्याकाळ वाळू व विटा भिजवाव्यात. वर ओल्या गोणपाटाचं झाकण. वीज लागत नाही, आणि लिंबं बाहेरच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट दिवस टवटवीत राहतात. फळ झाडावरून ओढून तोडलं तर देठाशी जखम होऊन तिथूनच सडतं, तेव्हा कात्रीनं थोडा देठ ठेवून काढावं.

ज्यांच्या घरी झाडच नाही, त्यांनी न्हाणीच्या सांडपाण्याजवळ एक तरी लावावं. पण पाणी खोडाला लागू देऊ नका, डिंक्या रोग होतो. खोडाभोवती लहान कोरडं आळं आणि त्याच्या बाहेर पाण्याचं मोठं आळं, असं दुहेरी आळं करा. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे विक्रम आणि प्रमालिनी हे वाण घोसानं फळतात. राहुरीचा साई शरबती खैऱ्या रोगाला बराच दाद देत नाही. रोप मिळेना, तर चांगल्या झाडाच्या पिकल्या फळाचं बी लावलं तरी चालतं. कागदी लिंबाच्या एका बियातून पुष्कळदा दोन-तीन रोपं निघतात आणि त्यातली बरीचशी आईसारखीच निपजतात. फक्त बी वाळवून डबीत ठेवू नका, उगवण जाते. आज लिंबू पिळलं की बी धुऊन आजच पिशवीतल्या मातीत अर्धा इंच खोल टोचा. तीन-चार आठवड्यांत कोंब वर येईल.