गुरूचं वजन गच्चीवरून

पदवीच्या विद्यार्थ्याला केप्लरचा तिसरा नियम पाठ असतो, परीक्षेत तो बिनचूक उतरवतोही. पण याच नियमाने एखादा ग्रह तोलता येतो, हे त्याने स्वतः करून पाहिलेलं नसतं. त्यासाठी गुरूसारखी प्रयोगशाळा नाही.

गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये गुरूचे मोठे चंद्र पाहिले. आज ते लहानशा दुर्बिणीतूनही दिसतात. विद्यार्थ्यांनी रोज रात्री त्यांच्या जागा वहीत टिपायच्या, गुरूपासूनचं अंतर गुरूच्याच व्यासाच्या पटीत मोजायचं. ढग येतात, नोंदी चुकतात, कोणता ठिपका कोणता चंद्र हेच आधी उमगत नाही. खरं भौतिकशास्त्र इथेच शिकलं जातं. मग आलेख काढता काढता दिसू लागतं, की त्यांतला आयो हा चंद्र पावणेदोन दिवसांत फेरी पूर्ण करतो, कॅलिस्टो या चंद्राला मात्र जवळपास १७ दिवस लागतात. गुरूचा व्यास माहीत असला, की अंतर किलोमीटरमध्येही मिळतं: आयोचं गुरूपासूनचं अंतर सुमारे ४,२२,००० किलोमीटर. अंतर आणि कालावधी केप्लरच्या त्याच नियमाच्या न्यूटनने दिलेल्या सूत्रात घातले, की गुरूचं वस्तुमान हाती येतं: पृथ्वीच्या सुमारे ३१८ पट! स्वतःच्या वहीतून निघालेला हा आकडा विद्यार्थी सहसा विसरत नाही.

ही प्रयोगशाळा वजनापुरतीच नाही: आयोच्याच ग्रहणांच्या वेळा मागेपुढे होताना पाहून खगोलशास्त्रज्ञ ओले रोमर यांनी १६७६ मध्ये प्रकाशालाही प्रवासाला वेळ लागतो, हे दाखवलं.

प्राध्यापकहो, गुरू संध्याकाळच्या आकाशात असेल तेव्हा प्रात्यक्षिकाचे काही तास महाविद्यालयाच्या गच्चीवर जरूर घ्या.