आर्जव आणि खुशामत



दुसऱ्याचे मन गोड शब्दांनी वळविण्याच्या कलेला मराठीत मनधरणी, विनवणी, लाडीगोडी, मिनतवारी, खुशामत अशी अनेक नावे असली, तरी त्यांतील ‘आर्जव’ हा शब्द मला सर्वांत थोर वाटतो. कारण संस्कृतात ज्याचा अर्थ ऋजुता, म्हणजे अंतःकरणाचा सरळपणा, आणि गीतेच्या सोळाव्या अध्यायात ज्याची दैवी संपत्तीत गणना झाली आहे, तोच शब्द मराठीने नम्र विनंतीला बहाल केला. खुशामत फारसीतून आपल्या दफ्तरांत व दरबारांत शिरली. तीही गोडच बोलते, परंतु तिची दृष्टी आपल्या पदरात काय पडेल याकडे असते, आर्जवाची मात्र समोरच्याच्या हिताकडे.

राजकारणातदेखील निव्वळ स्तुतीवर काम भागत नाही, हे कौटिल्याने जाणले होते. आपल्या ग्रंथातील राजपत्रांविषयीच्या प्रकरणात सामाचे, म्हणजे समजुतीने मन वळविण्याच्या उपायाचे, पाच प्रकार सांगताना गुणसंकीर्तनाला त्याने पहिले स्थान दिले खरे. पण त्याच्या पाठोपाठ परस्परांचे नाते, एकमेकांवरील उपकार व भावी लाभ यांचे स्मरण सांगून, शेवटी ‘जो मी तोच आपण’ अशा आत्मार्पणापर्यंत तो येऊन पोहोचला.

आर्जवाचे परमोच्च रूप मात्र मला मुक्ताबाईच्या ताटीच्या अभंगांत दिसते. लोकांच्या दुरुत्तरांनी व्यथित होऊन ज्ञानदेवांनी झोपडीची ताटी लावून घेतली, अशी परंपरा सांगते. तेव्हा त्या धाकट्या बहिणीने भावाच्या संतत्वाचा गौरव केला, पण त्याच श्वासात त्या संतत्वाला शोभेल अशी क्षमा लोकांना करण्याची विनवणीही केली. खुशामत माणसाला आहे तेथेच सुखावून ठेवते. मुक्ताबाईच्या आर्जवाने ज्ञानदेवांना त्यांच्याच उंचीची आठवण करून दिली.

आर्जवाचा हाच धडा घरातल्या भाषेलाही लागू पडतो. परमुलखात आपल्या मुलांनी मराठी बोलावे म्हणून कोणी दटावतात, कोणी खेळण्याखाऊचे आमिष दाखवितात. परंतु दंड आणि दान यांनी जडलेली भाषा धाक किंवा लाभ सरताच सुटण्याचे भय असते. म्हणून माझी आपणांस एवढीच विनंती आहे, की मूल अडखळत एक वाक्य बोलले तरी त्याचे खरे कौतुक करा, आजीआजोबांशी असलेले त्याचे नाते त्या वाक्यातून त्याला उमजू द्या, आणि आपण स्वतः त्याच्याशी रोज, न कंटाळता, मराठीत बोला.