पन्नास यार्डांनंतरची वाट





पुनर्वसन क्षेत्रातल्यांची आपली ही परिषद मुरबाडला भरवायची असं ठरलं तेव्हा आपल्यातल्या काहींनी नाकं मुरडली. रेल्वे नाही, कल्याणला उतरून एसटी पकडायची, परतताना उशीर होणार. तक्रार खरीच आहे. पण टोकावडे, धसई, मोरोशीकडचा पेशंट हाच प्रवास रोजच्या जगण्यात उलट्या दिशेने करतो, आणि त्याच्या काखेत कुबडी असते. शहापूरकराला निदान आसनगावला लोकल मिळते. पण डोळखांब-किन्हवलीकडच्या माणसाला आसनगाव गाठेपर्यंतच अर्धा दिवस जातो.

मला आज पदव्युत्तर शिक्षणाबद्दल बोलायचं आहे. फिजिओथेरपीची एमपीटी, ऑक्युपेशनल थेरपीची एमओटी, ऑडिओलॉजीची एमएस्सी, विशेष शिक्षणातलं एमएड, अशा नाना पदव्या असतात. दोन वर्षं असतात, आणि त्यात एक प्रबंध असतो. त्या प्रबंधाचा प्रश्न कुठून यावा, एवढाच माझा विषय.

आपला वारसा मोठा आहे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि इथे सून म्हणून आलेल्या कमलाबाई निंबकरांनी १९५० साली केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. हाजीअलीची अखिल भारतीय पुनर्वसन संस्था १९५५ची, वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ची. या संस्थांनी देशाला माणसं दिली, त्यांच्याविषयी उणा शब्द काढायची माझी इच्छा नाही. पण एक हिशेब डोळ्यांसमोर ठेवा. शहापूर तालुक्यातलं तानसा धरण १८९२ सालचं. तेव्हापासून इथलं पाणी मुंबईला जातं आहे, पुढे भातसाचंही जाऊ लागलं. मुंबईत साठलेलं पुनर्वसनाचं ज्ञान उलट चढून इकडे यायला मात्र जलवाहिनी अजून पडलेली नाही. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, आणि त्यांतले सुमारे ६९ टक्के खेड्यांत राहणारे होते. आपली पदव्युत्तर महाविद्यालयं नेमकी उरलेल्या ३१ टक्क्यांच्या दारात उभी आहेत.

मग प्रबंध कशावर होतात? जे हाताशी आहे त्यावर. सिनॉप्सिसची तारीख जवळ आलेली असते, एथिक्स कमिटीची बैठक महिन्यातून एकदा, गाईडच्या मागे ओपीडी. साहजिकच समोरच्या वर्गातली मुलं 'नमुना' होतात आणि मोबाइलमुळे होणाऱ्या मानदुखीवर आणखी एक प्रबंध तयार होतो. या विषयावर महाराष्ट्राने आता थोडी विश्रांती घ्यायला हरकत नाही.

इथे काय वेगळं दिसतं, ते एका उदाहरणाने सांगते. डोळखांबच्या पलीकडे एका पाड्यावर पन्नाशीच्या आतबाहेरची एक बाई होती. अर्धांगाचा झटका येऊन वर्ष झालेलं, उजवी बाजू बरीच सुधारलेली. माझ्याबरोबरची विद्यार्थिनी बार्थेल निर्देशांक, म्हणजे रोजची कामं मोजणारा शंभर गुणांचा तक्ता, भरत होती. जेवण, कपडे, आंघोळ, शौच, खाटेवरून उठणं, सगळ्याला पूर्ण गुण. 'जिना' या रकान्याशी ती अडली, कारण पाड्यावर जिना कुणाच्याच घरी नव्हता, उंबरा होता. 'सपाट जागेवर पन्नास यार्ड चालणं' इथेही ती अडली, कारण सपाट पन्नास यार्ड शोधायचे कुठे? तरी बेरीज शंभराच्या जवळ गेली. बाई हे सगळं शांतपणे पाहत होती. मग तिने विचारलं, "ताई, हंडा कधी उचलता येईल?"

आता हंडा उचलणं म्हणजे काय, ते आपल्या धंद्याच्या नजरेने पाहा. चुंबळ डोक्यावर बसवायची. भरलेला हंडा आधी मांडीवर घ्यायचा, मांडीवरून छातीशी, तिथून एका झोक्यात डोक्यावर. त्या झोक्याच्या क्षणी दोन्ही हात, मान, कंबर आणि टाचा एकाच वेळी हुकमात लागतात. मग मान स्थिर ठेवून, नजर खाली न घालता, निसरड्या उतारावर पाऊल कुठे पडतं ते तळव्यानेच ओळखत घरी यायचं. अर्धांगातून उठलेल्या माणसासाठी यातली एकेक पायरी स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. उजवा खांदा किती वर गेला की झोका जमतो? कमी पाण्याचा हंडा, कडेवरची कळशी की खांद्यावरची कावड, सुरुवात कशाने करावी? घोट्याला दिलेली प्लास्टिकची पट्टी चिखलात टिकते का, की चिखलात ती काढूनच ठेवावी लागते? याची उत्तरं माझ्याकडे नाहीत, आणि माझ्या कपाटातल्या पुस्तकांतही नाहीत. एमपीटी किंवा एमओटीचा विद्यार्थी दोन वर्षांत ती काढू शकतो.

बार्थेलला मी नावं ठेवत नाही. महोनी आणि बार्थेल यांनी अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये १९६५ साली तो प्रसिद्ध केला, तेव्हाच त्यांनी बजावून ठेवलं होतं की शंभर गुण मिळाले म्हणजे माणूस एकटा राहू शकतो असं नाही, त्याला स्वयंपाक वा घरकाम जमेलच असं नाही. त्यांनी आपल्या मापाची मर्यादा जाणली होती. आपण ती छापील तक्त्यासोबत वर्गात शिकवायची विसरलो.

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत प्रश्न किती पडलेत! आषाढात आवणीला दिवसभर चिखलात वाकलेली कंबर, आंब्या-जांभळाच्या झाडावरून पडून मोडलेला कणा, मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत प्रेसखाली सापडलेली बोटं, कसारा मार्गावर लोकलमधून पडलेले तरुण, मुंबई-नाशिक महामार्गावरचे अपघात. आश्रमशाळांतल्या मुलांचं वेगळंच. भाषेच्या चाचणीत चित्रात ट्रॅफिक सिग्नल दाखवायचा आणि पोर गप्प बसलं की 'शब्दसंग्रह कमी' असा शेरा मारायचा! त्याच पोराला ओढ्यावर न्या, माशांची नावं सांगताना ते थांबणार नाही.

एक गोष्ट संशोधनाच्या आराखड्याची. आपला फॉलो-अप सहा आठवडे, बारा आठवडे असा चालतो. कातकरी कुटुंब मात्र दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातं आणि पावसाच्या तोंडावर परत येतं. आपण प्रबंधात लिहितो, 'रुग्णाने उपचार अर्धवट सोडले.' त्याने काही सोडलेलं नसतं, तो भिवंडीकडच्या भट्टीवर विटा वाहत असतो. तेव्हा नोंदी भट्टीवर जाऊन घ्या, नाहीतर अभ्यासच ज्येष्ठ ते आश्विन असा बांधा. संख्याशास्त्राच्या सरांनी हरकत घेतली तर त्यांनाही एकदा भट्टीवर न्या.

प्रश्न जमिनीवरून उचलला तर काय घडतं, याचं देशातलं उदाहरण जयपूर फूट. परदेशी पद्धतीच्या कृत्रिम पायाला बूट लागायचा. त्यावर मांडी घालता येत नव्हती, उकिडवं बसता येत नव्हतं, ओल्या शेतात चालता येत नव्हतं, म्हणून लोक पाय बनवून घेत आणि काढून ठेवत. १९६८च्या सुमारास रामचंद्र शर्मा हे फारसं शालेय शिक्षण नसलेले कारागीर आणि डॉ. प्र. क. सेठी यांनी रबर, लाकूड वापरून अनवाणी चालता येईल असा पाय घडवला. एकाकडे हातातलं कसब होतं, दुसऱ्याकडे शस्त्रक्रियेचं शास्त्र. आपल्या विद्यापीठांच्या नियमावलीत या जोडीतल्या पहिल्याला सहमार्गदर्शक नेमता येईल असं कलम मला तरी सापडलेलं नाही.

आपल्यातल्या वाटण्यांबद्दलही बोलायला हवं. १९९२च्या भारतीय पुनर्वसन परिषदेच्या कायद्याखाली वाचा-श्रवणतज्ज्ञ, कृत्रिम अवयवतज्ज्ञ, विशेष शिक्षक येतात, तर फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपीसाठी २०२१चा वेगळा केंद्रीय कायदा. कागदावर ते ठीकच असेल. पण डोळखांबकडच्या त्या बाईच्या घरी उंबरा एकच आहे. पाच विषयांच्या पाच विद्यार्थ्यांनी तिच्याकडे पाच वेळा जाऊन पाच फॉर्म भरावेत, ही शिस्त कोणाच्या सोयीची? निदान एक प्रबंध दोन शाखांच्या विद्यार्थ्यांनी मिळून लिहू द्यावा.

ठोस मागण्या थोड्या आहेत. आपल्या संघटनेने आरोग्य विद्यापीठाकडे मागावं की पदव्युत्तर अभ्यासक्रमातले सहा सलग महिने शहापूर किंवा मुरबाड यांसारख्या तालुक्यात काढायची मुभा असावी, आणि ते शिबिरांच्या स्वरूपात नसावेत. शिबिरात फोटो होतात, व्हीलचेअर वाटल्या जातात, आणि पुढच्या खेपेला त्याच व्हीलचेअरवर भाताचं पोतं ठेवलेलं दिसतं. मुलींच्या राहण्याची सोय हा पहिला अडसर आहे, तो निधीच्या चर्चेआधी सोडवावा लागेल. आशाताईंना आणि अंगणवाडीताईंना बरोबर घ्यावं लागेल. कोणत्या घरात कोण अंथरुणाला खिळलंय हे त्यांना तोंडपाठ असतं. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या-शाळांतून मुलं तपासतात. त्यांना व्यंग सापडतं, पण नंतरची थेरपी कोण देणार हा रकाना बऱ्याचदा कोराच राहतो.

पैशांचं म्हणाल, तर ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असा शासनाचा नियम आहेच. तो कसा खर्चावा हे सांगणारं माणूस गावाला मिळत नाही, म्हणून अनेकदा तो वस्तुवाटपात संपतो. विहिरीच्या वाटेला एका बाजूने धरायचा लोखंडी पाइप, शौचालयात हाताला आधार, शाळेच्या पायरीला उतार, ही यादी पदव्युत्तर विद्यार्थ्याने घरोघर फिरून करावी आणि ग्रामसेवकाच्या हातात ठेवावी.

शेवटची मागणी विद्यार्थ्यांकडे. प्रबंधाची बांधीव प्रत विद्यापीठात जाईलच. तिच्याबरोबर चार पानांचा मराठी गोषवारा तयार करा आणि ज्या गावात माहिती गोळा केली तिथल्या ग्रामसभेत स्वतः उभे राहून वाचा. लोक प्रश्न विचारतील. तुमच्या तोंडी परीक्षेला गाईड सोबत असतात, इथे नसतील.

दुपारच्या सत्रात हाताच्या दुखापतींवर चर्चा आहे, आणि औद्योगिक वसाहतीतले काही कामगार स्वतः आले आहेत. वक्त्यांना विनंती, पहिला अर्धा तास त्यांना बोलू द्या.